पायलटच्या रकान्यातले नाव

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास पालम तालुक्यातल्या एका शिवारात मोजणीचे ड्रोन मुगाच्या रानात कोसळले. मूग तोडत असलेल्या यशोदाबाई या साठीच्या बाईंच्या डाव्या खांद्यावर ते पडले. त्यांचे हासळीचे हाड मोडले. ड्रोन माणिकराव नावाचे मोजणीचे ठेकेदार उडवत होते. त्यांच्याकडे उडवण्याचे प्रमाणपत्र नव्हते. कामाच्या फाइलमध्ये पायलट म्हणून सुजाता खिल्लारे यांचे नाव होते. त्या वेळी सुजाताताई तिथून शंभरेक किलोमीटरवर, वालूरच्या शिवारात, कपाशीवर फवारणी करत होत्या.

फाइलमध्ये त्यांचे नाव मी घातले होते. त्यांना विचारले नव्हते.

परभणीच्या एका दैनिकात मी वीस वर्षांहून जास्त काळ बातमीदार आणि नंतर उपसंपादक होतो. जिल्हा आवृत्ती बंद झाली तेव्हा वय साठीकडे झुकले होते. येत होते एवढेच, की सरकारी परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि अर्जातली चूक दुसऱ्याच्या आधी शोधायची. त्या बळावर स्टेशन रोडच्या मागे एक खोली घेतली. सुरुवातीला सातबारा, वारस नोंद, उत्पन्नाचा दाखला अशी कामे केली. मग लग्नात फोटो काढणारे ड्रोन घेऊन येऊ लागले आणि पाहता पाहता तेच माझे मुख्य काम झाले. मी ड्रोन उडवत नाही. ड्रोनला कागद मिळवून देतो.

आमच्याकडे याला लोक ‘पासिंग’ म्हणतात, ट्रॅक्टरचे असते तसे. जिंतूरकडचे एक शेतकरी ड्रोन धान्याच्या पोत्यात घालून, वर हळदकुंकू लावून घेऊन आले होते. टेबलावर पोते ठेवून म्हणाले, “हिचं पासिंग करून द्या. नंबर चांगला बघा, नऊ बेरीज आली तर लय बरं.” नंबर सरकार देते, निवडता येत नाही, हे त्यांना पटवायला बराच वेळ लागला. शेवटी मिळालेल्या नंबरात अक्षरेही निघाली. त्यांनी अक्षरे सोडून आकड्यांची बेरीज केली आणि नाराज होऊन गेले.

बाहेरच्या माणसाला हे काम तीन प्रश्नांत सांगता येते. यंत्र कोणते, उडवणार कोण, आणि उडवणार कुठे. यंत्राचे वजन अडीचशे ग्रॅमपर्यंत असेल तर नियम सौम्य आहेत. दोन किलोच्या वर आणि पंचवीस किलोच्या आत असेल तर ते कायद्याच्या भाषेत ‘लहान’ ड्रोन होते आणि त्याला सगळे लागते. त्या बनावटीला सरकारची मान्यता हवी. प्रत्येक यंत्राचा वेगळा नोंदणी क्रमांक हवा. विमा हवा. उडवणारा दहावी पास हवा, आणि त्याने मान्यताप्राप्त संस्थेत राहून, परीक्षा देऊन पायलटचे प्रमाणपत्र घेतलेले हवे. जागेचा प्रश्न नकाशा सोडवतो. हिरवा भाग असेल तर चारशे फुटांपर्यंत मोकळीक, पिवळा असेल तर परवानगी, लाल असेल तर नाव काढायचे नाही.

परदेशी यंत्रे आणण्यावर बंदी आल्यानंतर काही फोटोग्राफर मंडळी बिलाशिवायची यंत्रे घेऊन येत. मानवतच्या एकाने दुसऱ्याच्या ड्रोनचा नंबर मार्करने आपल्या ड्रोनवर लिहिला होता. मी त्याला हाकलून दिले. “नंबर चोरून लावणं म्हणजे दुसऱ्याच्या नावानं जगणं आहे,” असे मी त्याला मोठ्या आवाजात म्हणालो होतो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने ते ऐकले होते आणि बरेच दिवस तो मला ते वाक्य ऐकवत असे.

सुजाताताईंची फाइल माझ्या हातून झालेल्या कामांत सगळ्यात नीट झालेली आहे. वालूरच्या महिलांच्या बचत गटाला फवारणीचे ड्रोन एका योजनेतून मिळाले. यंत्र मिळाले, उडवणारी मिळेना. गटात दहावी पास बायका दोनच होत्या. एकीच्या घरच्यांनी पाच-सहा दिवस बाहेरगावी राहायला नकार दिला. उरल्या सुजाताताई. वय बत्तीसच्या आसपास, घरी शिवणकाम, नवरा अनिल कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, दोन एकर कोरडवाहू जमीन. त्यांचे आजोबा छप्पन्नच्या दीक्षेनंतर बौद्ध झालेल्या पहिल्या पिढीतले. नातीला दहावीपर्यंत त्यांनीच शिकवले, असे ताई सांगतात.

त्यांच्या मार्कशीटवर माहेरचे नाव होते आणि आधारवर सासरचे. बाईच्या कागदांत हा घोळ नेहमीचा. लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, विवाह नोंदणी, पुन्हा प्रतिज्ञापत्र, असे करत दोन महिने गेले. प्रत्येक वेळी वालूरहून यायला त्यांना दिवसाची मजुरी सोडावी लागे. म्हणून मी माझ्या धंद्यातली नेहमीची सोय त्यांनाही लावली. दोन-तीन कोऱ्या कागदांवर त्यांच्या सह्या घेऊन ठेवल्या, लागल्या तर असू द्याव्यात म्हणून. आणि सांगितले, की फोनवर सहा आकडी ओटीपी येईल तो मला कळवत जा. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे असेच चालते. माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात प्रत्येकाचा पासवर्ड आहे. कोणी तो कधी परत मागितला नाही.

प्रमाणपत्र आले तेव्हा त्या स्वतः आल्या. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, “काका, ह्यात पायलट म्हणून माझंच नाव हाय ना? अनिलचं न्हाई ना टाकलं कुटं?”

“तुमचंच आहे, ताई. पूर्ण नाव.”

“आमच्या गल्लीत मोटारसायकलीचं लायसन असलेली बाई न्हाई. अन् माझ्याकडं हे.” मी प्रत लॅमिनेट करू का विचारले तर नको म्हणाल्या. घडी घालून पर्समध्ये ठेवायची होती.

पहिल्या हंगामात त्यांनी आसपासच्या चार-पाच गावांत फवारणी केली. फवारणीची एक नोंदवही त्यांनी स्वतः आखली होती. तारीख, शेतकऱ्याचे नाव, पीक, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, शेतकऱ्याची सही. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पोळ्याच्या आठवडाभर आधी माणिकराव आले. त्यांनी लहान गटातले, दोन किलोच्या वरचे, मोजणीचे ड्रोन घेतले होते. यंत्राचे सगळे कागद मी केले होते आणि ते चोख होते. पाझर तलावाखालच्या क्षेत्राच्या मोजणीचे काम त्यांना मिळाले होते आणि फाइल दोन दिवसांत द्यायची होती. फाइलमध्ये पायलटचे प्रमाणपत्र आणि संमतिपत्र लागणार होते.

“ट्रेनिंगला जाऊन या म्हणून मी तुम्हाला उन्हाळ्यातच सांगितलं होतं,” मी म्हणालो.

“काका, मी काय आता पाच दिवस शाळेत बसू का? सहा महिने झाले, रोज उडवायलाव. त्या मास्तरलाच मी शिकवीन.” मग पुढे वाकून म्हणाले, “कुणाचंबी नाव टाका की. तुमच्याकडं तर पायलटचा ढीग पडलाय. कुणी काय तिथं येऊन बघनार हाय का, कोन उडवायलंय ते?”

माझ्याकडे तेव्हा प्रमाणपत्र मिळालेल्या सात जणांच्या फाइली होत्या. सहा पुरुष होते. त्यांतल्या कोणालाही फोन केला असता तर त्याने विचारले असते, कशासाठी, किती दिवस, मला काय. सातवे नाव विचारणार नाही हे मला माहीत होते. ते निवडण्याचे दुसरे कोणतेही कारण नव्हते. या नावासाठी मी माणिकरावांकडून वेगळे काही घेतले नाही. त्यामुळे तो मला व्यवहार वाटला नाही, अडलेल्या माणसाची मदत वाटली.

ताईंना फोन केला. मागे यंत्राच्या पंख्यांचा आवाज येत होता. त्यांनी तो बंद होईपर्यंत थांबायला सांगितले.

“हां, बोला काका. काय काम निघालं?”

“काही नाही. तुमचं रेकॉर्ड अपडेट करायचंय. ओटीपी येईल तो सांगा.”

त्यांनी सहा आकडे सांगितले. नेट मधेच गेले, म्हणून दुसऱ्यांदा सांगितले. मग म्हणाल्या, “काका, तुमी कागद एवढे केले, पर मशीन उडताना एकदाबी बघितली न्हाई. वालूरला या की एकदा.” मी येतो म्हणालो. त्यांच्या खात्यातून प्रमाणपत्राची ताजी प्रत उतरवली. ड्रॉवरमधून त्यांच्या सहीचा कोरा कागद काढला आणि सहीच्या वर संमतिपत्र छापले. समास जुळवायला दोन प्रयत्न लागले. पहिला प्रयत्न साध्या कागदावर करून पाहिला होता.

अपघाताच्या दिवशी माणिकराव एकाच बॅटरीवर तिसरी फेरी मारत होते. बॅटरी उतरत आली की यंत्र खाली घ्यायचे, हा प्रशिक्षणातला सुरुवातीचा धडा आहे. माणसांच्या डोक्यावरून उडवायचे नाही, हा दुसरा. यशोदाबाईंना गंगाखेडला आणि तिथून परभणीला नेले. यंत्रावरचा नंबर घेऊन पोलिसांनी फाइल मागवली. फाइलमध्ये पायलटचा फोन नंबर होता. त्यांनी तो लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तालुक्याच्या ठाण्यात आम्ही सगळे होतो. वालूरहून तिथे यायला दोनदा एसटी बदलावी लागते. सुजाताताई आणि अनिल सकाळीच निघाले होते. माणिकराव त्यांच्या गाडीने आले होते. यशोदाबाईंचा मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता. ताईंना पाहून तो उभा राहिला.

“ही का? हिनं उडवलं व्हय? बाईच्या हातात इमान दिल्यावर आनखी काय व्हनार हाय?”

“दादा, तुमचं गाव मी आजून बघितलं न्हाई,” ताई म्हणाल्या. “तुमच्या आईचं लय वाईट झालं. पर मी न्हवते.”

हवालदार शांत माणूस होते. त्यांनी आधी माणिकरावांना विचारले. गावातल्या दोघा-तिघांनी माणिकरावांच्या हातात रिमोट पाहिला होता, तेव्हा ते नाकारता येत नव्हते. माणिकराव म्हणाले, “रिमोट माझ्या हातात व्हता साहेब, पर पायलट गाडीत बसलेल्या व्हत्या. ऊन लय व्हतं म्हणून. त्या सांगायल्या तसं मी करायलो व्हतो.”

ताईंनी माणिकरावांकडे वळून विचारले, “मंग मी कोणत्या रंगाची साडी नेसले व्हते, तेवढं सांगा.”

माणिकराव हवालदारांकडे पाहू लागले. हवालदार किंचित हसले, मग त्यांनी फाइलमधले संमतिपत्र काढून ताईंच्या पुढे धरले. “ही सही कोणाची आहे, बाई?”

त्यांनी कागद हातात घेतला. पूर्ण वाचला. “सही माझीच हाय. कागद माझा न्हाई.”

“म्हणजे काय?”

“म्हंजे ही सही मी केली. तवा वर काहीच न्हवतं.” त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी माझे नाव घेतले नाही. मी सांगेन असे त्यांना वाटले होते. तसे त्यांनी नंतर सांगितले.

हवालदारांनी मला विचारले, “फाइल तुम्ही केली ना? हे नाव कोणी दिलं?”

मी म्हणालो, “ग्राहकांकडून प्राप्त झालेल्या कागदपत्रांनुसार फाइल तयार करण्यात आली.”

या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. सुजाताताईही माझ्या ग्राहक होत्या. प्रमाणपत्र त्यांचेच होते. सहीचा कागद त्यांच्याकडूनच आला होता. नोकरीत असताना बातमीदारांच्या कॉपीतले असले वाक्य मी लाल पेनने खोडत असे आणि समासात लिहीत असे, ‘कोणी केले?’ हवालदारांनी ते खोडले नाही. जसेच्या तसे उतरवून घेतले. मी खाली सही केली.

ताईंनी पिशवीतून फवारणीची नोंदवही काढली. अपघाताच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा, वालूर, कपाशी, शेतकऱ्याची सही. हवालदारांनी त्याचीही नोंद घेतली. म्हणजे त्या दिवसानंतर कागदावर सुजाता खिल्लारे एकाच वेळी दोन ठिकाणी होत्या.

बाहेर आल्यावर एसटी स्टँडवर त्यांनी मला गाठले. अनिल दोन पावले मागे उभा होता.

“काका, त्या दिवशी ओटीपी कशाला घेतलता?”

“मी बघतो काय करता येईल ते,” मी म्हणालो.

“करायचं काय न्हाई. सांगायचं हाय,” त्या म्हणाल्या. गंगाखेडची गाडी लागली होती. ते दोघे तिच्यात बसून गेले. मी पुढच्या गाडीने गेलो.

महिन्याभरात प्रकरण मिटले. उपचारांचा खर्च माणिकरावांनी केला आणि यशोदाबाईंच्या मुलाने तक्रार नसल्याचे लिहून दिले. हाड सांधले, पण हात वर पूर्ण जात नाही, असे त्याने मला नंतर सांगितले. ड्रोन कोण उडवत होते याचा निर्णय कोणी केला नाही. कोणाला त्याची गरज उरली नव्हती. मलाही पुन्हा कोणी बोलावले नाही. मी ते माझ्या सोयीचे मानले आणि तीन महिने गप्प राहिलो. या काळात ताईंना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

तीन महिन्यांनी वालूरच्या गटाच्या अध्यक्षा माझ्याकडे आल्या. गावातल्या बऱ्या जमीनदार घरातल्या, बोलायला मोकळ्या. सोबत गटातल्या दुसऱ्या एका बाईंचे कागद आणले होते.

“काका, आता ह्यांचं नाव लावा पायलट म्हणून.”

“सुजाताताई आहेत ना?”

“ती पालमला काहीतरी करून आली न्हवं का. योजनेच्या हापिसानं खुलासा मागितला आमाला. मशीन तिच्या घरून उचलून माझ्याकडं आणून ठेवली.”

“ते तर मिटलं.”

“मिटलं म्हंजे काहीतरी व्हतंच की काका. काही नसतं तर मिटवायला काय व्हतं?”

यंत्र सुजाताताईंच्या घरी, त्यांच्या वस्तीत ठेवण्यावरून गटात आधीपासून दोन मते होती. त्यामागचे कारण वालूरमध्ये कोणी उघड बोलत नाही. नोकरीत असताना मीही असली कारणे बातमीत ‘अंतर्गत मतभेद’ या दोन शब्दांत बसवत असे. माझ्या फाइलने या मतभेदांना सांगता येण्यासारखे कारण मिळवून दिले होते.

नव्या बाईंची मार्कशीट आठवीची होती. नियमात बसत नाही, एवढे मी अध्यक्षांना सांगितले. आणखी काही सांगितले नाही. त्या गेल्यावर दोन दिवसांनी मी खुलासा लिहिला, दीड पान. त्याच्या तीन प्रती काढल्या आणि पालमला गेलो. तेच हवालदार होते.

“मॅटर मिटलंय काका. आता हे कशाला?”

“नोंद असावी.”

“तुम्ही स्वतःच्या अंगावर घ्यायलात, माहीत आहे ना?”

मी हो म्हणालो. त्यांनी आवक शिक्का मारून एक प्रत ठेवून घेतली. त्यावर पुढे काय झाले, याची माहिती मला मिळालेली नाही. दुसरी प्रत योजनेच्या कार्यालयात दिली. तिसरी घेऊन वालूरला गेलो. पहिल्यांदाच.

ताई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली कापडांचे गठ्ठे रचलेले होते. त्यांनी पाणी दिले, ‘बसा’ म्हणाल्या आणि कागद वाचायला घेतला. वाचताना मधेच टाचणीने एकेक ओळ धरत होत्या. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“काका, ह्यात माझं नाव सात वेळा हाय.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“तुमचं एकदाच हाय. खाली, सहीपाशी.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “हे कुणी वाचलं तर त्याला काय वाटंल? सुजाता खिल्लारेनं काय केलं न्हाई, सुजाता खिल्लारेचा दोष न्हाई, सुजाता खिल्लारे तिथं न्हवती. माझंच नाव डोक्यात ऱ्हाईल त्याच्या.”

“खुलासा तुमच्या बाजूनंच आहे, ताई.”

“बाजू नका घेऊ माझी. तुमी काय केलं ते लिहा. तुमी पेपरात व्हता ना?”

अनिल दाराशी उभा होता. म्हणाला, “जाऊ दे ना, आले तरी ते.” ताई त्याला म्हणाल्या, “तू चहा ठेव.”

त्यांनी शिवणकामाच्या मापांची वही दिली. मी बाजेवर बसून लिहिले. ‘मी सुजाता खिल्लारे यांच्या सहीचा कोरा कागद वापरून त्यांच्या नावाचे खोटे संमतिपत्र तयार केले. मी खोटे कारण सांगून त्यांच्याकडून ओटीपी घेतला. मला ड्रोन माणिकराव उडवणार हे माहीत होते. पोलिसांनी विचारले तेव्हा मी ते सांगितले नाही.’ चार वाक्ये झाली. दीड पानाचा मजकूर त्यात आला होता. त्या वाचून म्हणाल्या, “आता बरोबर हाय.” मग विचारले, “अजून किती सह्या हायत तुमच्याकडं माझ्या?”

“एक.”

“आणलीय?”

आणली नव्हती. आठ दिवसांनी पोस्टाने न पाठवता स्वतः नेऊन दिली. परभणीला परतल्यावर बाकीच्या गिऱ्हाइकांचे कोरे कागदही परत करायला सुरुवात केली. बहुतेकांनी घेतले नाहीत. “असू द्या की तुमच्याकडंच, पुन्हा लागतील,” असे म्हणाले. ते मी त्यांच्यासमोर फाडले. लाल वहीतले पासवर्डही ज्याचे त्याला बदलायला लावले. धंदा थोडा मंदावला.

त्या चार वाक्यांच्या प्रती मी ठाण्यात आणि योजनेच्या कार्यालयात पुन्हा दिल्या. गटाच्या बैठकीत ती मी स्वतः वाचून दाखवली. बायका सतरंजीवर बसल्या होत्या. वाचून झाल्यावर मागून एक म्हातारी म्हणाली, “मंग बाई, इतके दिवस आपन हिलाच बोलायलो व्हतो.” कोणी हसले नाही. सुजाताताई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

अध्यक्षा म्हणाल्या, “कागद बरोबर हाय काका. पर हापिसाचा कागद आल्याबिगर मी मशीन कशी देऊ? त्यांनीच खुलासा मागितला, त्यांनीच मिटलं म्हणून लिहून द्यायला पायजे.”

मी कार्यालयात चार वेळा गेलो. खुलासा वरिष्ठांकडे पाठवला आहे, असे प्रत्येक वेळी सांगण्यात आले. ते सांगणारा कर्मचारी दर वेळी वेगळा होता. खरीप तोंडावर आला तेव्हा मी अध्यक्षांना पुन्हा भेटलो. गटात दुसरी पायलट नाही, तेव्हा यंत्र पडून राहील, असे म्हणालो. त्या म्हणाल्या, “पडून ऱ्हाऊ द्या. वाद तर न्हाई.”

हा लेख लिहिण्याआधी मी सुजाताताईंची परवानगी घेतली. लेखातले त्यांचे नाव त्यांनी स्वतः ठेवायला सांगितले. छापायला देण्यापूर्वी मजकूर त्यांना वाचायला दिला. त्यांनी तीन ठिकाणी वेळा दुरुस्त केल्या आणि एक परिच्छेद काढायला सांगितला. त्यात मी त्यांच्या धीराविषयी लिहिले होते. तो काढला आहे.

हा मजकूर देण्याच्या दिवसापर्यंत खात्री करून घेतलेली माहिती अशी आहे. सुजाता खिल्लारे यांचे पायलटचे प्रमाणपत्र वैध आहे. त्यांच्याविरुद्ध कोठेही नोंद नाही. माणिकराव यांनी प्रशिक्षण घेतले, ते परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्यांना प्रमाणपत्र मिळाले. योजनेच्या कार्यालयाकडून गटाला पत्र आलेले नाही. गटाचे ड्रोन अध्यक्षांच्या घरी, आतल्या खोलीत, चादर टाकून ठेवलेले आहे. वालूरमध्ये या हंगामात ड्रोनने फवारणी झालेली नाही. सुजाताताईंनी त्यांच्या दोन एकर कपाशीवर मागच्या रविवारी पाठीवरच्या पंपाने फवारणी केली.